उसने कान

हॉरेस टिंडल फोन करत नाही.
मधल्या भिंतीवर दोनदा ठोकतो,
म्हणजे, कान घेऊन ये.

मी रात्रपाळीहून आलेली, पायांत अजून
वृद्धाश्रमातले पांढरे बूट.
त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर
एकोणीसशे त्रेपन्नचा टीव्ही,
बेकेलाइटचं कवच बाजूला काढून ठेवलेलं
खेकड्याच्या पाठीसारखं.
बशीत मेणाचे जुने कपॅसिटर.
त्यांचं पोट कोरून आत नवे भरतो,
वरून पुन्हा तेच मेण ओततो हा माणूस,
जिथे कुणी डोकावणार नाही अशा जागी.
का, असं मी एकदाच विचारलं.
"मला माहीत असतं ना," म्हणाला.

वीज एकदम सोडत नाही.
उपाशी माणसाला पेज पाजावी
तशी, घोट घोट.
व्हॉल्व्ह बुडाशी नारिंगी होत जातात
आणि तापल्या धुळीचा वास सुटतो.
या वासाला तो सोमवार म्हणतो:
रविवारभर गारठलेलं दुकान
सोमवारी सकाळी असंच दरवळायचं.

मग पाठमोराच विचारतो,
"येतेय?"

शिट्टी.
काचेमागे एक ठिणगी रेघा ओढत धावते,
सेकंदाला दहा हजार एकशे पंचवीस,
तिच्या धावण्याची शिट्टी.
कानशिलातून सुई ओवावी इतकी बारीक.
ती आली तर पुढचं सगळं येतं.
पंचेचाळीस वर्षं त्याने लोकांचे टीव्ही
उंबऱ्यातूनच ओळखले,
कोट न काढता: हा जगेल, तो दुकानात न्यावा लागेल.
मग कधीतरी ती शिट्टी त्याच्या कानांतून उतरून गेली.
न सांगता.
एका दुपारी त्याने धडधाकट टीव्ही
मेलेला समजून उघडला.

ऑसिलोस्कोप आहे की घरात. हिरवी लाट खरं तेच सांगते.
"पण यंत्राची तब्येत
यंत्राला काय विचारायची?"

येतेय, मी म्हणते.
तो मान हलवतो. किटली ठेवतो.

चारशे पाच रेघांचं चित्र आता कुठूनच येत नाही.
विटेएवढी एक डबी मध्ये बसून
आजचं बोलणं त्या जुन्या बोलीत सांगते,
दुभाषासारखी, थोडं गाळून.
फुटबॉलमध्ये लाल आणि हिरवे दोघेही राखाडी.
आपले कुठले?
"जे हरतायत ते."

चित्र रुंद, काच अरुंद, कोपरे गोल.
हवामान सांगणारी बाई पूर्वेकडे हात करते
आणि हात मनगटापाशी संपतो.
तिच्या बोटांच्या टोकाशी असणार विदर्नसी,
आमचं गाव, चौकटीच्या लाकडामागे.
तिथला पाऊस आम्हाला कधीच कळत नाही.
डबीला खटका आहे, मी दाखवते,
सगळं आत बसवता येतं, वर-खाली काळ्या पट्ट्या देऊन.
तो चहा ढवळत खिडकीबाहेर बघतो.
गल्लीच्या पाटीवर एकेचाळीस घरं आहेत.
समुद्राने मातीचा कडा खात खात
ती चौतीसवर आणली.
"आपण कडेला आहोत," तो म्हणतो,
"हे मला हिच्याकडून कशाला कळायला हवं?"

खटका त्याने फिरवला नाही.

मी घरी येते, पडदे ओढते,
दुपारचे बारा, माझी रात्र.
पलीकडे टिंडल टीव्हीचा आवाज पार मिटवून टाकतो,
पोरगी झोपली असेल म्हणून.
मुकी माणसं ओठ हलवत राहतात त्याच्या खोलीत.
आणि एकेरी विटांच्या भिंतीतून
येत राहते, येत राहते
ती सुई.

मी उशी कानावर घेते.
त्याला सांगितलेलं नाही.