न वाचलेलं

लीड्सहून आल्या आल्या केतकीनं बाह्या सरसावल्या.
"आई, अजून पॉप? आयमॅप करू या. सगळं सगळीकडे दिसेल."

डंडीला चारलाच अंधार. टे नदीवरचा पूल
दिव्यांच्या रांगेपुरता उरलेला.
स्वयंपाकघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर
श्रीरंगची अकरा वर्षांची पत्रं,
सर्व्हरवरून उतरली ती इथेच मुक्कामाला.
"हा बंद पडला की गेली ना सगळी?"
बरोबर आहे तिचं. धापा टाकतो हल्ली त्याचा पंखा.

पण पॉपची एक गंमत होती, ती मी सांगितली नाही.
भावाचं पत्र बसथांब्यावर फोनवर वाचायचं,
आणि घरी येऊन बघावं तर इथे ते
ठळक अक्षरांत, कोरं, आत्ताच आल्यासारखं.
ह्या कॉम्प्युटरला पत्ताच नसायचा
की वहिनीचा रिपोर्ट चांगला आलाय हे मला कळलंय.
अंगातला कोटही न काढता
मी दुसऱ्यांदा पहिल्यांदा वाचायचे.

आता तिकडे उघडलं की इकडची अक्षरंही बारीक होतात.
तिकडे खोडलं, इकडून गेलं.
सगळ्यांची मिळून एकच वही.
सोय आहे. नाही कशाला म्हणू?

केतकी सोमवारच्या गाडीनं गेली.
मंगळवारी श्रीरंगचं पत्र:
गच्चीतल्या वेलाला कारली लागली, फोटो जोडलाय.
पर्थ रोडचा थांबा यायच्या आत
मी त्यावर बोट दाबून धरलं,
'न वाचलेलं अशी खूण करा' असं खाली आलं.
केली.
मग किल्ली शोधत जिना चढले,
जरा भरभर.