एकशे पासष्ट

टॉवेलच्या लेबलावर एक शब्द जायचा होता,
न्हाणीघराला तिकडं म्हणतात तो, बान्यो.
त्यातल्या एनच्या डोक्यावर एक नागमोडी रेघ,
मागावरून उडून बाहीला चिकटलेल्या सुतासारखी.
मी ती झटकूनच टाकली असती.
चिट्याल शेठ म्हणाले, ती पाहिजे बरं का.
मागच्या डिसेंबरात काय झालं ठाऊक आहे ना?

ठाऊक होतं.
माझ्या आधीच्या पोरानं नवीन वर्षाच्या शुभेच्छा धाडल्या
रेघ न देता.
रेघ गेली की त्यांच्या भाषेत वर्षाचं काय होतं
ते मी एकदा शोधून पाहिलं
आणि शेठ आत यायच्या आधी स्क्रीन बंद केला.

लॅपटॉपला आकड्यांची वेगळी पट्टी नाही.
मागच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर पुढं आणला,
कीबोर्ड उलटा करून झटकला
तर फटींतून मूठभर भुस्सा निघाला,
पांढरा, गुलाबी, मोरपंखी,
दहा वर्षांच्या ऑर्डरी.

रीत अशी की
डाव्या हातानं ऑल्ट दाबून धरायचं,
उजव्या हातानं आकडे. एक, सहा, चार.
तोवर पडद्यावर काहीच नाही.
बोट उचललं की मग अक्षर.
सोडल्यावर येणारं अक्षर
मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण चारचं बटण मेलेलं.
एक, सहा, आणि उमटायचा एक काळा बाण,
उजवीकडं तोंड करून,
पुढच्या दुकानात विचारा म्हणल्यासारखा.
बारा वेळा विचारलं. बारा बाण.

दुसरी पाळी सुरू व्हायच्या सुमारास सापडलं,
मोठ्या लिपीतला Ñ राहतो एकशे पासष्टला.
शेजारच्याच घरात. चारवाचून त्याचं अडत नाही.
मग सगळंच मोठ्या लिपीत केलं,
BAÑO,
आणि खाली शंभर टक्के कापूस,
त्यातल्या ओवरचा फराटा शून्य दोन एक एक.
सहा हजार लेबलं.

पत्रही तसंच गेलं, बेगोन्याबाईंना,
त्यांच्या नावातल्या रेघेसकट.
पॅकिंगमधला सिद्राम म्हणाला,
अक्का, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं असतंय.
मी म्हणाले, असू दे की.
आमचे अप्पा एकतीस वर्षं सांच्यांत उभे होते.
आता मीठ मागितलं तरी चौकापर्यंत ऐकू जातं,
आणि जेवलीस का, हेही तेवढ्याच आवाजात.
घरात कुणी त्याला ओरडणं म्हणत नाही.

आठवड्यानं उत्तर आलं.
बाई लिहितात, एवढ्या लांबून आलेल्या कागदावर
माझं नाव पहिल्यांदा पुरतं दिसलं.
एक विचारते,
तुमच्या पत्त्यातलं हे गाव कसं म्हणायचं?

वळसंग.
लेटरहेडवर तो ळ कधीचा साधा एल होऊन बसलाय,
बँकेत, जीएसटीत, ट्रकच्या पावतीवर.
रोज टाइप करते, मलाही दिसला नव्हता.
मी त्याचा आकडा शोधला.
ऑल्ट धरून कितीतरी दारं ठोठावली,
एका घरातून भागाकाराचं चिन्ह आलं,
एकातून पौंड,
एकातून उलटं प्रश्नचिन्ह.
त्यांच्या गावात ळ राहत नाही.

शेवटी मोबाइल तोंडाशी धरला
आणि बटण दाबलं.
मागं अठ्ठेचाळीस माग चाललेले,
खिडकीची काच थरथरत होती.
हळू बोलून भागणार नव्हतं.
जीभ मागं वळवली, टाळूला लावली,
आणि अप्पांच्या आवाजात
व, म्हणाले,
ळ.