एक पट्टी कमी

सेंट जॉन नदी डिसेंबरातच गोठली.
पलीकडे कॅनडा, अलीकडे आम्ही,
मधून आता कुणीही चालत जावं.
जातात त्या हरणीच, कागदपत्रांशिवाय.

खिडकीशी माझं टेबल, टेबलावर आल्सिदची गोधडी.
आल्सिद माझा धाकटा दीर. फोर्ट केंटच्या वृद्धाश्रमात
दोन दोन मोजे घालूनही त्याची पावलं गार.
नर्स म्हणाली, हीटर पूर्ण सुरू आहे, मादाम.
मी म्हटलं, हीटरला वजन नसतं.

नमुना लॉग केबिनचा : मधे लाल चौकोन, ती चूल.
भोवती पट्ट्या, ओंडक्यावर ओंडका रचावा तशा,
अर्ध्या सावलीच्या, अर्ध्या उजेडाच्या.
उजेडासाठी सासूबाईंचा पिवळा एप्रन काढला,
बटाटे खणायच्या दिवसांत
तो बांधून त्या चाळीस माणसं जेवू घालायच्या.
विटलेला, पण विटूनही पिवळाच.
श्वास धरून कापला. अकरा पट्ट्या निघाल्या.

खिडकीच्या कडीला दोऱ्यानं पेन्सिल बांधलीय.
जुन्या पाकिटांच्या पाठीवर मी लिहिते :
सात जानेवारी. उणे चोवीस. सफरचंदाखाली तीन हरणी,
एकीचा कान फाटका.
नऊ. चिकाडी पक्षी, पिसं फुगवून, लोकरीचे गुंडे.
बारा. दिवसभर कुणी नाही. अस्तर बेतलं.
तेरा. घुबड.
(घुबड काय करत होतं ते लिहिलं नाही.)

बर्फावरच्या पावलांना धावदोरा म्हणायचा मोह होतो.
एकदा म्हटलंही मी. उर्बेन बुटांच्या नाड्या सोडत म्हणाला,
टाका खाली जाऊन वर येतो, लेओनी.
कोल्हा नुसता पुढे जातो. त्याला भूक आहे.
तेव्हापासून मी उपमा जरा आवरत्या घेतल्या.

फेब्रुवारीत अकरावी पट्टी सापडेना.
टेबलाखाली पाहिलं, शिवणयंत्राच्या खणात,
उर्बेनच्या खिशांत, जिथं ती असण्याचं काही कारण नव्हतं.
भरावाचीही एक कड कुरतडलेली.
त्याच आठवड्यात सरपणाच्या शेडपाशी ते दिसलं :
वीझल, वीतभर, हिमाहून पांढरं,
शेपटीचं टोक तेवढं दौतीत बुडवलेलं.
काळा ठिपका पळताना दिसतो, जनावर मागाहून.

आल्सिद तरुणपणी यांच्यासाठीच सापळे लावायचा.
कातड्याला दीड डॉलर. एका हिवाळ्यात
अंगठी घेण्याइतके पैसे जमले, अंगठी घेतलीही.
मुलगी बँगोरला निघून गेली.
त्यानं सापळे लावणं मात्र सोडलं नाही.

मार्चमध्ये सरपण तळाला आलं.
शेवटच्या रांगेतला ओंडका उचलला, तर खाली घरटं,
मुठीएवढं. भराव माझा. पिवळी पट्टी माझी,
दोनदा गोल फिरवलेली.
आणली असणार उंदरानं, मोठ्या कष्टानं.
पण आतून जे मऊ करडं अस्तर होतं
ते उंदराच्या केसांचं.
वीझल असंच करतं : आधी घरमालक खातं,
मग त्याच्या घरात राहतं, त्यालाच पांघरून.

मी बराच वेळ वाकून राहिले.
शिवणारीच्या नजरेनं पाहिलं तर
बेतलं नीट होतं.
ओंडका परत ठेवला, वर आणखी दोन.
त्या रात्री चूल जरा कमी पेटवली.

गोधडीत अकराव्या जागी उर्बेनच्या पायजम्याची निळी पट्टी आली.
उजेडाच्या बाजूला ती बसत नाही. दिसतं ते.

आल्सिदला सगळं सांगितलं.
हसला, खोकला आला तरी हसत राहिला,
मग निळ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला,
माझ्याकडे त्यांची बाकी होती. स्वस्तात सुटलो.
गोधडी पावलांवर ओढली. वजन आहे, म्हणाला.
त्याच्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो,
बाजूला रेटलेल्या काळ्या बर्फाचे ढीग.

आणि ती फाटक्या कानाची? येते अजून?

पाकिटावरची तिची शेवटची नोंद
एकोणीस फेब्रुवारीची.

येते की, म्हटलं. काल संध्याकाळीच आली होती.