दर दुसऱ्या मंगळवारी

खासदारांचं ऑफिस दातांच्या दवाखान्याला लागून आहे.
भिंतीपलीकडे ड्रिल चालू असतं
आणि अलीकडे आम्ही पाच जण बसतो
चार खुर्च्यांवर.
ऑर्विल उभाच राहतो. त्याच्या गुडघ्यात स्टील आहे.
एकदा बसलो की उठवायला माणूस लागतो, म्हणतो,
आणि इथे माणूस कधी भेटलाय?

पहिल्यांदा आलो ते भाषणं पाठ करून.
व्हर्नाने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली,
चाळीस पोरांचा कालवा ती नुसत्या आरशात बघून थांबवायची,
पण त्या गालिच्यावर पाऊल पडलं
आणि तिला कंठच फुटेना.
मग आम्ही आपापल्या चिठ्ठ्या काढल्या.
रिगोबेर्तोची किमान वेतनाची, घडी घालून घालून
मधोमध फाटलेली.
ओडेसाची इन्सुलिनची. तिने वाचली नाही,
औषधाचं बिल तेवढं टेबलावर ठेवलं, उताणं.

समोर ब्रॅन्सन. वय तेवीस.
शर्टाची इस्त्री बाहीपर्यंत पोचलेली नाही.
तो आधी प्रत्येकाला पिन कोड विचारतो,
मग काय दुखतंय ते.
साहेब वॉशिंग्टनला आहेत.
वॉशिंग्टनला नसतात तेव्हा मतदारसंघात असतात,
मतदारसंघात असतात तेव्हा गाडीत.
पाइपांच्या विधेयकाचा साहेब अभ्यास करताहेत.
"परीक्षा कधी आहे?" ऑर्विलने विचारलं.
"नोव्हेंबरात," व्हर्ना म्हणाली.
तो तिचा त्या दिवशीचा पहिला शब्द.

पुढच्या महिन्यात आम्ही बरणी नेली.
ताकाला जाऊन भांडं लपवायचं वय आता राहिलं नाही.
लोणच्याची रिकामी बरणी, लेबल अर्धं खरवडलेलं,
आत व्हर्नाच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी,
चहाच्या दुसऱ्या उकळीसारखं.
"हा गंज," ती म्हणाली, "हा दिसतो तरी.
शिसं दिसत नाही.
ते माझ्या नातीच्या रक्तात आहे. अकरा.
ती चार वर्षांची आहे आणि तिला
लाल-निळ्याची नावं आठवत नाहीत."
ब्रॅन्सनने अकरा लिहिलं.
अकराला दोनदा अधोरेखित केलं.
पलीकडचं ड्रिल थांबलं होतं,
कोणी तरी चूळ भरत होतं.

बरणी आम्ही मुद्दाम विसरून आलो.

मग लेकवरून बर्फ आला. तीन आठवडे रस्ते बंद.
रिगोबेर्तोची पाळी बदलली, तो आलाच नाही.
फेब्रुवारीत आम्ही चारच होतो,
पहिल्यांदाच खुर्च्या पुरल्या,
आणि ऑर्विल तरीही उभा.

बरणी खिडकीत होती.
तिच्यात कुणी तरी मनीप्लांटची फांदी लावली होती,
आणि त्या पिवळ्या पाण्यात पांढरी मुळं
बोटभर लांब सुटली होती.

मला हसावं की रडावं कळेना.
आमचा पुरावा त्यांनी फुलदाणी केला होता.
मी वहीत तसं लिहायलाही घेतलं.
व्हर्ना उठली, खिडकीशी गेली,
बरणी उजेडाकडे धरून
बसच्या आरशात बघावं तसं बघत राहिली.
"पाणी बदललंस?"

ब्रॅन्सनचे कान लाल झाले.
"नाही," तो म्हणाला. "तेच आहे.
साहेब आले की विचारतील, हे काय.
मग सांगता येईल."

"विचारलं?"

"ते अजून या खोलीत आले नाहीत."

व्हर्नाने बरणी जागेवर ठेवली.
मग परत उचलून दाराच्या समोरच्या टेबलावर ठेवली,
जिथे आत येणाऱ्याचा कोट तिला लागेल.
मी वहीत खाडाखोड केली,
तारीख टाकली, चौघांची नावं,
आणि पाचव्या ओळीवर रिगोबेर्तोचं, कंसात.

बाहेर गाडीची काच खरवडताना ऑर्विल म्हणाला,
पुढच्या वेळी मी बसेन.