इतिवृत्त

साखळी, वाचनालयाचा वरचा मजला, रविवार, साडेचार.
विषय : चळवळ की चिखलफेक?
रंगाऱ्याने प्रश्नचिन्ह एवढं मोठं काढलंय
की ‘चळवळ’मधला ळ त्याच्या पोटाखाली दबलाय.

अध्यक्ष म्हणाले, कुडणेकर बाई, इतिवृत्त तुम्ही लिहा,
तुमचं अक्षर चांगलं आहे.
अठरा वर्षं झाली,
माझं अक्षर चांगलंच आहे.

तर मी लिहिते :
अ‍ॅडव्होकेट दुभाषी म्हणाले, कायदा आहे, कोर्ट आहे,
भर सभेत कोणाचं नाव घेणं ही कुठली रीत?
टाळ्या. पंख्याखालच्या जास्त.
निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, बारा वर्षं ही मुलगी गप्प का होती?
आणि मग स्वतःच वीस मिनिटं बोलले.
महिला मंडळाच्या सुमती बाई म्हणाल्या,
आमच्या वेळी आम्ही सरळ चप्पल दाखवायचो.
कोणाला, ते विचारायचं राहून गेलं.

कोणीतरी मागून सुचवलं, मास्तरांचं नाव न घेता बोलूया.
तेव्हापासून सगळे नाव न घेता बोलतायत
आणि पहिल्या रांगेतली एक रिकामी खुर्ची
कोणीच ओढून घेत नाहीये,
माणसं जिन्यापर्यंत उभी असूनसुद्धा.

मग शाल निघाली.
मास्तरांच्या पंचाहत्तरीची, संयोगिता गावसच्या हातात दिलेली.
शिष्या म्हणून बोलावलेलं तिला, कारापूरहून, नाइट ड्युटी करून आलेली.
तिनं शाल उघडली नाही.
घडी छातीशी धरून माइकवर गेली
आणि चार वाक्यं बोलली.
शाल सातशे पन्नासची. ती परत आली की नाही?
खजिनदार म्हणाले, नाही. एकजण म्हणाला, आली, नारळ आला नाही.
यावर पाऊण तास.
मी सगळं लिहिलं, नारळासकट.

त्या चार वाक्यांतलं एकही
इथे कोणी म्हणून दाखवलं नाही.
तिला बोलावलेलंच नव्हतं.

चहा आला. खालून पाववाल्याचा भोंपू.
खनिजाचे ट्रक कधीच बंद झाले,
तरी खिडकीच्या गजांवर लाल धूळ तशीच,
मी रोज पुसते.

माझं सतरावं वर्ष. देवळाची अग्रशाळा,
पेट्रोमॅक्सची फुसफुस, दाढी चिकटवायच्या गोंदाचा वास.
तिसऱ्या घंटेला मी प्रवेश केला, पदसुद्धा बरं झालं,
वन्समोअर मिळाला.
घरी येऊन ब्लाउज काढला
तेव्हा पाठीवर, हुकांच्या जरा खाली,
सफेद्याचा अख्खा पंजा. पाचही बोटं.
म्हणजे पूर्ण तीन अंक मी तो घेऊन वावरले
आणि विंगेतल्या सगळ्यांनी पाहिला.

आईने रिठ्याने घासला. मग साबणाने. मग राखेने.
आसूं दी, म्हणाली.
एवढंच. आसूं दी.
तो ब्लाउज तिनं पुढे कधी बोहारणीलाही दिला नाही.

अध्यक्षांनी समारोप केला.
दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा.
दोन्ही बाजू म्हणजे उजवीकडच्या आणि डावीकडच्या खुर्च्या असाव्यात.
जाताना माझ्या टेबलाशी थांबले :
शेवटी नेहमीचं वाक्य घाला, बाई,
चर्चा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

हॉल रिकामा झाला. मी पंखे बंद केले.
उपस्थिती : त्र्याहत्तर. बोलले : अकरा.
खेळीमेळी लिहायला पेन टेकवलं,
ख पर्यंत गेलं.

मग खाली, रेघ सोडून, त्याच चांगल्या अक्षरात
पंजा लिहिला. साल, नाटकाचं नाव, अंक, घंटा,
कुठल्या हाताचा ते.
हात लिहिताना थरथरला,
त्या दोन ओळी थोड्या तिरप्या गेल्यात.
तेवढं चालवून घ्यावं.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच असतो :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचायचं मीच असतं.