जवस

दिवे घाट चढून वर आलं की वारा बदलतो.
स्कूटरला आडवं बांधलेलं ईझल, डिकीत तेलाची बाटली,
भाद्रपदातलं ऊन, आणि कानिफनाथाच्या डोंगरावरून
वाटाण्याच्या रानात घसरत येणारी एका ढगाची सावली.

आठला बांधावर उभा राहिलो.
आधी पिवळी माती, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून,
मग डोंगर, निळ्यात जरासा तपकिरी मारून,
मग रान. ट्यूबमधला हिरवा तसाच लावू नये,
प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो.
माणसं शेवटी.
आमचे सर सांगायचे, निसर्गचित्रात माणूस मापापुरता.
डोंगर केवढा ते कळावं, एवढंच त्याचं काम.
दोन फटकारे लाल, एक पांढरा, खाली सावली,
झाली बाई.
चाळीस वर्षं अशा बाया करत आलोय.
एकीलाही नाक नाही.

पाणी प्यायला आली ती त्यांच्यातलीच, ठकूबाई झेंडे.
ओच्यात शेंगा, बोटांची पेरं हिरवी-काळी.
चित्र पाहिलं नाही, आधी हुंगलं.
"जवस हाय व्हय ह्ये?"
म्हटलं, हो, जवसाचंच तेल. रंग कालवायला.
"आमी चटणी करतो.
तुमी फडक्याला पाजताय."

मग पाहिलं. बराच वेळ.
"ह्यातली मी कंची?"
ब्रशच्या उलट्या टोकानं दाखवली, डावीकडून तिसरी.
"ती न्हवं मी. म्या डावरी हाय.
आन् वाटाणा असा ओणवं कोन तोडतं?
दुपारच्याला कंबर एकलीच घरी जायची."
आणि बसून दाखवलं तिथेच:
उकिडवी, डावा हात वेलात, उजव्यानं ओचा धरलेला,
हनुवटी जवळजवळ गुडघ्यावर.
म्हटलं, जरा थांबा अशाच.
"थांबते की. किलोला धा रुपये हाय.
तुमच्या घड्याळात किती किलो बसत्यात ते बगा."

तिसरी बाई मी चिंधीनं पुसली.
पुसली तरी थोडी राहिली, तेलात राहतंच.
त्याच जागी नवी बसवायला घेतली. हात जमेना.
पाठ जमते, लुगडं जमतं, डोंगर तर झोपेतही जमतो;
पण वेलात शिरलेला डावा हात,
दिसतो थोडा, बाकीचा नुसता कळतो.
"ठके, फोटू निगाला का न्हाई?" ओळीतून कुणीतरी,
आणि सगळं रान हसलं. ती हलली नाही.

वीस मिनिटं. "दोन किलो झालं," म्हणाली, "वीस द्या."
माझ्याकडे शंभराची नोट, तिच्याकडे सुटे नाहीत.
"ऱ्हाऊ द्या मग. येशालच की."

दिवाळीनंतर गेलो. रान नांगरलेलं.
पलीकडे अंजिरांना पाणी देणारा पोरगा म्हणाला,
"टोळी सासवडाकडं गेली असंल, नायतर यवताकडं.
काम आसंल तिकडं."

धनकवडीत, गॅलरीच्या भिंतीला, चित्र अजून वाळतंय.
वरून कोरडं, अंगठा दाबला तर आत मऊ.
वहिनी येतात, म्हणतात, काय छान गाव आहे.
अलीकडे सकाळच्या तिरप्या उन्हात
डाव्या हाताशेजारी फिकट असं काही वर येतंय,
पुसलेला तो उजवा.
तीन हातांनी वाटाणा तोडतेय ठकूबाई.

दुरुस्त करता येईल. पांढऱ्याचा एक जाड हात पुरेल.
वीस रुपये पाकिटात वेगळे ठेवलेत,
दोन दहाच्या नोटा, सुट्या.