पाचर

सायकल स्वस्तातली. ॲल्युमिनियमची.
सांध्यांवरचं वेल्डिंग उघडं,
गोगलगाय चालून गेल्यासारखं.
सोगामोसोच्या बाजारात घेतली,
दोन हंगाम कांद्याच्या पातीच्या जुड्या धुऊन
हातात जे उरलं, तेवढ्यात.
विकणारा म्हणाला, हिच्यात खोट नाही.
खोट नव्हतीच. फक्त ती माझ्या मापाची नव्हती.

घाटात तिसऱ्या वळणाला हातांना मुंग्या,
पाचव्याला मानेत कळ,
आणि वरचं सरोवर दिसायच्या आत
डावा गुडघा असा बोलायला लागायचा
की मी उतरायचो,
मागेपुढे कुणी नाही ना बघून
तिला हट्टी खेचरासारखी ओढत न्यायचो.

इल्बा पातीनोचं दुकान टायरांच्या मागे आहे,
म्हणजे टायरच इतके की दुकान हुडकावं लागतं.
तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.
चाकाला अंगठा लावला. "आत दगड भरलेत का?"
हवा सोडली.
सुस्कारा आधी चाकाचा, मग माझा.
"अठ्ठावीसचे टायर मावतात, तेविसांवर कशाला मरतोस?
हवा कमी ठेव. रस्ता सपाट होत नाही,
पण निदान टोचत नाही.
कार्बनबिर्बन विसर.
दात नसताना सोन्याची कवळी कुणी बघत नाही."

मग हँडलची मान बोटभर आखूड केली.
मागे बशीएवढं एक चक्र चढवलं:
"हे म्हातारपणाचं. लाजायचं नाही, वापरायचं."
दोरीला नट बांधून ओळंबा केला,
गुडघ्याच्या वाटीवरून सोडला,
एक डोळा मिटून बघत राहिली
जसा गवंडी भिंतीकडे बघतो.
सीट सूतभर वर.
अर्धं सूत खाली.
नाक किंचित झुकव. नको, तेवढं नको.
स्टँडवर मी पायडल मारत होतो,
सायकल जागच्या जागी, घाम मात्र घाटातला.

"थांब. उतर. त्या फळीवर उताणा पड."

टाचा धरून जुळवल्या.
नंतर बराच वेळ नुसता रेडिओ.

"एलिएसेर, तुझा डावा पाय आखूड आहे.
आठ मिलिमीटर."

अठ्ठावन्न वर्षं.
एकच बूट लवकर झिजवतो म्हणून आईचा मार.
रोसाल्बाबरोबर नाचताना
मी सारखा एका अंगाला वाहत जायचो,
तिला वाटलं, प्यालेला आहे; तिनं बेकरीवाल्याशी लग्न केलं.
मिरवणुकीत मातेची मूर्ती खांद्यावर,
आणि माझाच कोपरा कलायचा,
शेवटी पाद्रीबाबांनी मला मेणबत्तीवाल्यांत धाडलं.
मला वाटायचं जमीनच तशी आहे.
इथे सगळंच उतारावर: शेतं, गाई, घरं.
कोण मोजतो?

इल्बानं स्वयंपाकघरातला पिवळट पडलेला
भाजी चिरायचा प्लॅस्टिकचा पाट आणला,
त्याच्या कोपऱ्यातून एक पाचर कापली,
कानशीनं घासली, दोन भोकं पाडली,
डाव्या बुटाखाली स्क्रूनं बसवली.
कांद्याचा वास होता तिला.
"किती झाले?"
"टायरांचे दे. पाट असाही तिरका झाला होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे रुआना कमरेला बांधून निघालो.
तिसरं वळण: बोटं जागी.
पाचवं: मान आहे, आणि गप्प आहे.
म्हातारपणाचं चक्र फिरवत होतो,
एक पोरगं मला ओलांडून गेलं, जाऊ दे.
गुडघ्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिलो.
धुकं फाटलं, सरोवर आलं,
मी अजून सीटवरच.

वर फानीच्या टपरीशी उतरलो
आणि पहिल्याच पायरीवर
लडखडलो.
सरळ उभं राहायची सवयच नाही ना.

"एलिएसेर! सकाळी सकाळी?"
सांगणार होतो तिला,
पाय, पाट, ओळंबा, रोसाल्बा, सगळं.
पण हसूच आलं.
"हो," म्हणालो. "गुळाचं पाणी दे एक. कढत."